माणूस सोडून जातो त्याचा खर्च कुणी धरतच नाही

पगार वाढवला की छोटा कारखानदार बुडतो असं या चर्चेत दोघातिघांनी लिहिलंय. बोजा पडतो हे खरंय, पण माणूस सोडून गेला की जो खर्च होतो तो कुणीच धरलेला नाही. अमेरिकेतल्या फोर्ड मोटार कंपनीने पगार वाढवल्याचं उदाहरणही आलं, पण कामगारांनी गाड्या घ्याव्यात हे त्यामागचं मुख्य कारण नव्हतं. १९१३ साली साधारण १४ हजार कामगार टिकवायला त्यांना वर्षभरात ५२ हजारांवर माणसं भरावी लागली होती! जानेवारी १९१४ मध्ये दिवसाला ५ डॉलर जाहीर केले (त्यात नफ्यातला वाटा धरलेला आणि त्यासाठी कंपनीची माणसं कामगाराच्या घरी येऊन राहणीमानाची चौकशी करायची, ते मला अजिबात पटत नाही) आणि ही गळती धाडकन खाली आली.

आमच्या मामाचं कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत छोटं मशीनशॉप आहे, तिथे हेच बघतोय. नवीन पोरगं सीएनसीवर (संगणकावर चालणाऱ्या मशीनवर) उभं केलं की ऑफसेट (मशीनला द्यायचं हत्याराचं माप) चुकतो, इन्सर्ट (हत्याराचं कापणारं टोक) तुटतो, कास्टिंग (ओतीव भाग) रिजेक्ट होतं, वर जुना ऑपरेटर स्वतःचं मशीन सोडून त्याला शिकवत उभा, आणि यातलं काहीच पगारपत्रकात दिसत नाही म्हणून मालकाला वाटतं आपण पैसे वाचवले. खोलीभाडं, मेस आणि घरी पाठवायचे पैसे निघतील एवढा पगार केल्यापासून पोरं शेजारच्या शेडमध्ये पळत नाहीत, दिवाळीला गावी गेलेली परत येतात. ज्याला पार्टी (काम देणारी कंपनी) दर वाढवून देत नाही त्याला हे एकदम जमणार नाही हे मान्य, मामानेही टप्प्याटप्प्यानेच केलं.