चर्चा: सबवेतला दिवा लागला आणि चोर पळाला?

खाडीकाठचा, नेरुळ
आमच्याकडे स्टेशनला जाणाऱ्या सबवेतले दिवे गणपतीआधी गेले ते दिवाळीनंतर आले. त्या काळात आधी भिंतीवर पिचकाऱ्या, मग रिकाम्या बाटल्या, आणि शेवटी एका काकूंच्या गळ्यातली चेन गेली. दिवे आले, कडेला एक भाजीवाली बसू लागली आणि सगळं थांबलं. विल्सन आणि केलिंग या अमेरिकन अभ्यासकांनी १९८२ साली हेच मांडलं होतं: एक फुटकी खिडकी तशीच राहिली की इथे कोणी विचारणारं नाही हे सगळ्यांना कळतं. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात संशोधकांनी नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनमध्ये टपालपेटीतून पाच युरोची नोट दिसेल असं पाकीट अर्धवट बाहेर ठेवलं. पेटी स्वच्छ असताना १३ टक्के लोकांनी ते चोरलं, पेटीवर रंगाने खरडलेलं असताना २७ टक्क्यांनी. माणसं तशीच, फक्त पेटीचं रूप बदललं. माझं मत: आधी जागा सुधारा.

तलावपाळी
चोर पळाला नसेल हो, पुढच्या पुलाखाली गेला असेल! आणि त्या फुटक्या खिडकीच्या नावाखाली न्यूयॉर्कमध्ये पोलिसांनी किरकोळ गोष्टींसाठी गरिबांचीच पोरं उचलली. १९९०च्या दशकात गुन्हे तिथे घटले, तसे ती मोहीम नसलेल्या शहरांतही घटले. आमच्या ठाण्यात वागळे इस्टेटकडे या. अरुंद गल्ल्या, पोपडे उडालेल्या इमारती, पण रात्री अकराला बायका बिनधास्त चालतात, कारण ओट्यावर कोणीतरी बसलेलं असतं. घोडबंदर रोडला टॉवरच्या कंपाउंडलगत चकाचक फुटपाथ आहे, तिथे चालून दाखवा.

बेलापूरकरीण
अहो, पण ओटा ही जागाच ना! शहरांवर लिहिणाऱ्या जेन जेकब्जने १९६१ मध्ये हेच लिहिलं, रस्त्यावर डोळे हवेत. आमच्या बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेज वसाहतीत वास्तुविशारद चार्ल्स कोरियांनी घरं छोट्या अंगणाभोवती बसवली. पुष्कळांनी नंतर घरं पाडून मोठी बांधली (आमचंही त्यातलंच, लपवत नाही), अंगणं मात्र राहिली. नवा चेहरा आला की चार जणी विचारतात, "कोण पाहिजे?" उंच कंपाउंड घालून वॉचमनला खुर्ची दिली की हे मरतं.
राहिला दिवा. २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या सरकारी वसाहतींत चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवड करून काही ठिकाणी तात्पुरते मोठे दिवे लावले. तिथे रात्री घराबाहेर होणारे गंभीर गुन्हे साधारण एक तृतीयांशाने घटले.

जिनेकरी, नौपाडा
आमच्या जिन्यात कोपऱ्याकोपऱ्यात देवांच्या टाइल्स लावल्या. आता लोक दोन देवांच्या मधली जागा नेम धरून रंगवतात. जागा बदलली, नेम सुधारला!

तलावपाळी
हा हा. बेलापूरकरीण ताई, अंगणाचं पटलं. पण शिकागोतल्या वस्त्यांवरचा सॅम्पसन आणि राउडेनबुश या संशोधकांचा अभ्यास १९९९ मध्ये आला, त्यात कचरा-पडझडीपेक्षा गरिबी आणि शेजाऱ्यांचा एकमेकांवरचा भरवसा यांचा गुन्ह्यांशी जास्त संबंध दिसला. खाडीकाठचा, खरं सांगा, चोर दिव्याला घाबरला की भाजीवालीला?

खाडीकाठचा, नेरुळ
वर्मावर बोट ठेवलंत. गेल्या महिन्यात कोणाच्या तरी तक्रारीवरून अतिक्रमणाची गाडी आली, तिचा ठेला उचलला. तक्रारीवर मीही सही केली होती. परवा साडेदहाला सबवेतून आलो. दिवे झक्क होते. पावलं तरी भराभर पडली.