सायकॉलॉजीत पीएचडीला अप्लाय करायचंय, क्लिनिकल टाकू का?

शंकासुर
मास्टर्सचं शेवटचं वर्ष चालू आहे, प्रबंध झोप आणि रुमिनेशनवर, म्हणजे तेच तेच विचार डोक्यात घोळत राहतात ना, ते. डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या पीएचडीला अप्लाय करायचंय. यादी करत गेले तर २२ युनिव्हर्सिट्या झाल्या, त्यातल्या अर्ध्या नुसतं रँकिंग बघून घातल्यात, कबूल करते. आता प्रश्न असा की क्लिनिकल (ज्यात थेरपीचं प्रशिक्षणही असतं) टाकू की सोशल-कॉग्निटिव्हकडे जाऊ? थेरपी करायला आवडेल पण रिसर्च जास्त आवडतो. जो तो म्हणतो क्लिनिकलला इंटरनॅशनलवाल्यांना घेतच नाहीत. आणि प्रोफेसरांना आधी मेल करायचा असतो का? मी सात जणांना केला, एकाचंच उत्तर आलं, तेही फक्त "डू अप्लाय". ह्याचा अर्थ काय घ्यायचा?? जीआरई प्रवेशपरीक्षेचं पण सांगा प्लीज.

पाचवं_वर्ष_संपेना
घेतच नाहीत असं काही नाही, मी आहे ना इथे. क्लिनिकल, एफ-१ म्हणजे स्टुडंट व्हिसावर, पाचवं वर्ष. पण अवघड आहे हे खरं, आणि का अवघड आहे ते नीट समजून घे, कारण लोक नुसतं "कॉम्पिटिशन फार" म्हणून सोडून देतात.

एक म्हणजे पैसा. पीएचडीला बहुतेक ठिकाणी फी माफ आणि वर स्टायपेंड, पण तो कुठूनतरी यावा लागतो. एनआयएच आणि एनएसएफ ह्या रिसर्चला पैसा देणाऱ्या सरकारी संस्था, त्यातली एनआयएचच्या ट्रेनिंग ग्रँटा आणि एनएसएफची ग्रॅज्युएट फेलोशिप फक्त अमेरिकन नागरिक नाहीतर ग्रीन कार्डवाल्यांना. म्हणजे तुझा खर्च प्रोफेसरच्या ग्रँटमधून किंवा टीएशिपमधून, म्हणजे शिकवण्यात मदत करायच्या कामातून निघणार, आणि कॅम्पसवर सेमिस्टर चालू असताना आठवड्याला २० तासांच्या वर काम चालत नाही. पीएसवायडी, म्हणजे प्रॅक्टिसवर भर असलेली दुसरी डॉक्टरेट, वेगळी, तिथे बहुतेक वेळा फी आपणच भरायची, नाव सारखं वाटलं म्हणून यादीत घालू नकोस.

दुसरं इंटर्नशिप, हे मला तिसऱ्या वर्षापर्यंत कुणी धड सांगितलंच नव्हतं. क्लिनिकलमध्ये डिग्रीच्या आधी एक वर्ष फुल टाइम इंटर्नशिप करावी लागते, अपिक ह्या संस्थेच्या मॅचमधून, म्हणजे विद्यार्थी आणि जागांच्या जोड्या लावून, जागा मिळते, आणि व्हेटरन्स अफेअर्सची, म्हणजे माजी सैनिकांची सरकारी हॉस्पिटलं, जी ह्यातली सगळ्यात मोठी ट्रेनिंग देणारी, तिथे नागरिकत्व लागतं. म्हणजे यादीतला एक मोठा तुकडा आधीच गेला. वर व्हिसाची गंमत अशी की ही इंटर्नशिप सीपीटीवर, म्हणजे शिकताना अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काम करायच्या परवानगीवर करतात आणि फुल टाइम सीपीटी १२ महिने किंवा जास्त झाली की त्या लेव्हलची ओपीटी, म्हणजे डिग्रीनंतर काम करायची परवानगी, गेली. त्यामुळे तारखा लावताना इंटरनॅशनल ऑफिसमध्ये बसून एकेक दिवस मोजायचा, मी कॅलेंडर घेऊनच गेले होते.

तिसरं, क्लिनिकल हे व्हिसासाठीच्या स्टेम (विज्ञान-तंत्रज्ञान विषयांच्या) यादीत नाही, सोशल, कॉग्निटिव्ह, डेव्हलपमेंटल हे आहेत. म्हणजे त्यांना ओपीटी एक वर्ष अधिक दोन, आपल्याला एकच. तू स्वतःच म्हणतेस रिसर्च जास्त आवडतो, मग ह्याचा विचार कर. रुमिनेशनवर काम करणारे लोक कॉग्निटिव्हमध्येही भरपूर आहेत. पण उद्या थेरपी करायचं लायसन्स हवंच असेल तर नंतर वाट बदलणं फार जड जातं, तेव्हा हा निर्णय आत्ताच घे.

क्लिनिकलच टाकणार असशील तर एपीए (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन) मान्यता असलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमला आपले आकडे वेबसाइटवर टाकावे लागतात, किती वर्षं लागली, किती जण सोडून गेले, किती जणांना इंटर्नशिप मिळाली. रँकिंगच्या आधी ते पान उघड.

उनाड_न्यूरॉन
+१. आणि यादी युनिव्हर्सिट्यांची करूच नका, माणसांची करा. सायकॉलॉजीत बहुतेक ठिकाणी तुम्हाला डिपार्टमेंट नाही, एक अ‍ॅडव्हायझर घेतो. तो ह्या वर्षी विद्यार्थी घेतच नसेल तर तुमचा अर्ज कितीही भारी असला तरी फी पाण्यात. लॅबच्या पानावर लिहिलेलं असतं, नसेल तर तेवढंच विचारायला मेल करायचा, पाच ओळी, त्यांचा अलीकडचा एक पेपर खरंच वाचलाय हे दिसलं पाहिजे. "डू अप्लाय" म्हणजे दार बंद नाही, एवढंच. त्यावर नाचू नका, रडूही नका.

जीआरई बऱ्याच ठिकाणी आता मागत नाहीत किंवा ऐच्छिक आहे, प्रत्येकाचं पान बघावं लागेल, शॉर्टकट नाही.

चष्मेवाली
एसओपी, म्हणजे अर्जासोबतच्या आपल्याबद्दलच्या निबंधाबद्दल, कुणी बोललं नाही म्हणून. स्वतःच्या डिप्रेशनची किंवा घरातल्या आजारपणाची गोष्ट सांगून "म्हणून मला लोकांना मदत करायचीय" असं लिहू नका. ॲपलबी आणि ॲपलबी यांनी २००६ मध्ये अ‍ॅडमिशन कमिटीच्या प्रमुखांनाच विचारलं होतं की अर्ज कशाने बुडतो, त्यात हे होतं. मला हे पटत नाही, ज्याला माहितीये त्यानंच का लपवायचं, पण अर्ज ही तत्त्वासाठी भांडायची जागा नाही. तुमचा प्रश्न काय, डेटा कसा हाताळला, काय चुकलं, ते लिहा.

आणि सगळे अमेरिकाच का धरून बसलेत? नेदरलँड्समध्ये पीएचडी ही सरळ पगारी नोकरी असते, जाहिरात निघते, अर्ज करायचा. फक्त लायसन्स त्यातून मिळत नाही.

शंकासुर
बापरे, सीपीटीचं काहीच माहीत नव्हतं. काल रात्री बसून २२ ची यादी ९ माणसांवर आणली, त्यात क्लिनिकलचे तीनच ठेवले. आता शेवटचं, तीन शिफारसपत्रं लागतात, दोन पक्की आहेत. तिसरं विभागप्रमुखांचं घेऊ की ज्या मॅडमच्या प्रोजेक्टवर डेटा गोळा केला त्यांचं? मॅडम अजून कायम पण नाहीत.

पाचवं_वर्ष_संपेना
मॅडमचं. विभागप्रमुख लिहिणार "हुशार व मेहनती", ते सगळ्यांनाच लिहितात. मॅडम लिहितील की अर्धे लोक फॉलोअपला आले नाहीत तेव्हा हिनं काय केलं. त्यांना तुझा सीव्ही, एसओपीचा ड्राफ्ट आणि नऊ जणांची यादी एकाच मेलमध्ये पाठव. डेडलाइन १ डिसेंबर असेल तर २० नोव्हेंबर सांग, आणि खरी तारीख स्वतःजवळ ठेव.