मदत हवी आहे: संस्थेच्या एआय समितीचं निमंत्रकपद गळ्यात पडलंय

नमस्कार मंडळी. मी अभियंत्यांच्या एका व्यावसायिक संस्थेचा जुना सभासद. गेल्या वार्षिक सभेत 'आपण एआयमध्ये मागे पडतोय' अशी भाषणं चालली होती, तेव्हा मागच्या रांगेतून उठून मी दोन प्रश्न विचारले. तेच नडलं. नव्या 'एआय व नवोपक्रम समिती'चा निमंत्रक म्हणून माझंच नाव पुढे आलं. काम मानद, म्हणजे नोकरी सांभाळून. समितीत माझ्यासकट पाच जण, कार्यालयात पगारी माणसं चार.

कार्यकारिणीला पुढच्या सभेआधी काहीतरी 'दाखवायला' हवंय, आणि ते काहीतरी म्हणजे चॅटबॉट. सभासदाने संकेतस्थळावर प्रश्न टाकायचा, बॉटने उत्तर द्यायचं. श्रेणी, वर्गणी, सीपीडीचे (व्यवसायातलं ज्ञान ताजं ठेवायच्या प्रशिक्षणाचे) तास यांवरच दिवसभर फोन येत असतात, त्यामुळे कल्पना वाईट नाही.

आम्ही घरच्या घरी चाचणी घेतली. नियमावली, परिपत्रकं, इतिवृत्तं असं सगळं एका फोल्डरमध्ये टाकलं आणि त्यात शोधून उत्तर देणारा बॉट (आरएजी म्हणतात तो प्रकार) दोन शनिवारांत उभा केला. पहिले वीस प्रश्न झकास. मग विचारलं, 'यंदाचे जास्तीचे सीपीडी तास पुढच्या वर्षात धरता येतात का?' बॉट म्हणाला, येतात, दहापर्यंत. वर कलमाचा क्रमांकही दिला. कलम खरं होतं, फक्त तीन वर्षांपूर्वी रद्द झालेलं. रद्द केल्याचं परिपत्रक त्याच फोल्डरमध्ये होतं, पण वाकडं स्कॅन केलेलं आणि नेमक्या मजकुरावर गोल शिक्का. बॉटच्या लेखी ते कोरं पान!

हे कार्यकारिणीत सांगितलं तर एक ज्येष्ठ म्हणाले, 'खाली बारीक अक्षरांत टाका ना, उत्तर चुकू शकतं म्हणून.' मी एअर कॅनडाचा दाखला दिला. त्यांच्या बॉटने एका प्रवाशाला सांगितलं की जवळच्या माणसाच्या मृत्यूमुळे मिळणारी भाड्यातली सवलत प्रवासानंतरही मागता येते. नियम तसा नव्हता. बरोबर माहिती त्याच संकेतस्थळाच्या दुसऱ्या पानावर होती, तरी फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथल्या न्यायाधिकरणाने कंपनीला भरपाई द्यायला लावली. यावर उत्तर आलं, 'ती विमान कंपनी, आपण संस्था.'

दुसरी डोकेदुखी याहून नाजूक. मुलाखत मंडळातल्या एकाने उमेदवारांचे अनुभव-अहवाल फुकटच्या चॅटबॉटमध्ये चिकटवून सारांश काढले. त्या अहवालांत ग्राहकांच्या प्रकल्पांची माहिती असते. हेतू वाईट नव्हता. रात्री अकराला चाळीस पानं वाचायचा कंटाळा, दुसरं काय. पण आमच्याकडे 'असं करू नका' म्हणणारा कागदच नाही.

तर धोरण आधी की बॉट आधी? आणि धोरण आधी म्हटलं तर कार्यकारिणीला ते 'काम' वाटावं कसं? अनुभवी मंडळींनी सांगावं.

जुना_चिटणीस: तुम्ही दोन विषय एकाच पिशवीत भरताय. संस्थेने स्वतः एआय वापरणं वेगळं, आणि सभासदांनी आपल्या व्यवसायात ते कसं वापरावं हे सांगणं वेगळं. संस्था असते ती दुसऱ्यासाठी. अमेरिकन बार असोसिएशन या तिथल्या वकिलांच्या संस्थेने जुलै २०२४ मध्ये काढलेलं मत क्रमांक ५१२ वाचा. नवं नीतिशास्त्र वगैरे काही नाही. सक्षमता, गोपनीयता, फी ही जुनीच कर्तव्यं एआयला लावून दाखवली आहेत. त्याच्या आदल्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये चॅटजीपीटीने रचलेले खोटे निवाडे कोर्टात दिल्याबद्दल वकिलांना ५,००० डॉलर दंड झाला होता. तुमच्या आचारसंहितेतही 'न तपासता सही करू नये' अशा अर्थाचं कलम असणार. त्याखाली दोन पानं लिहा, सभेपुढे ठेवा. तेवढं दाखवायला पुरे.

खडूफळा: आयएसओ ४२००१ चं प्रमाणपत्र घ्या. एआय व्यवस्थापनासाठीच आहे, २०२३ साली आलं. कार्यकारिणी खूश.

जुना_चिटणीस: चार माणसांच्या कार्यालयाला? वाचा जरूर, पण घ्यायचंच तर त्यातलं एवढं घ्या: कोणतं साधन, कोण वापरतं, कशासाठी, आत काय माहिती जाते, चुकलं तर कोण निस्तरणार. एक वही पुरते. मुलाखत मंडळाचा प्रकार पहिल्या पानावर लिहा, नाव न घालता.

कोरा_कागद: बॉटवाल्याच्या नजरेतून सांगतो. तुमचा बॉट बिघडलेला नाही, कपाट विस्कटलेलं आहे. प्रत्येक कागदाला तीन रकाने लावा: कधीपासून लागू, अजून चालू की रद्द, कशाच्या जागी आला. रद्द ते शोधातून बाहेर. स्कॅन कागद पुन्हा टाइप करून घ्या. आणि सुरुवातीला बॉटला उत्तर लिहूच देऊ नका, चालू कलम उघडून दाखवू दे फक्त. सापडलं नाही तर 'कार्यालयाला विचारा'. दिसायला कमी भारी, पण झोप लागेल. चाचणीचे प्रश्न समितीने रचू नका, फोन उचलणाऱ्या माणसाकडून घ्या. नियम बदलला की तेच प्रश्न पुन्हा विचारा.

पाणपोई: समितीत पाच जण आणि अजून उपसमिती नाही? प्रगती आहे. (ह. घ्या.)

धागाकर्ता: सर्वांचे आभार. आज फोन सांभाळणाऱ्या ताईंकडे जाऊन बसलो. त्यांच्याकडे दोनशे पानी वही आहे. लोक काय विचारतात आणि त्यांनी काय सांगितलं, सगळं तारखेनिशी. सीपीडीच्या त्या प्रश्नासमोर लाल पेनने 'आता नाही!!' असं दोनदा अधोरेखित. आम्ही दोन शनिवार घालवले आणि वही खिडकीपाशी पडून होती. मुलाखत मंडळाच्या अध्यक्षांशीही बोललो, अहवाल बाहेरच्या साधनात टाकायचे नाहीत असं लेखी पत्र या आठवड्यात निघतंय.

कोरा_कागद, रकाने भरायला घेतले. नवव्या परिपत्रकावर अडलोय. कशाच्या जागी आलं ते लिहिलंय, सही आहे, शिक्का आहे, तारीख नाही. ताई म्हणतात हे कधी निघालंच नाही, बहुतेक मसुदा असावा. अशांना चौथा रकाना करू, की थेट बाहेर काढू?