स्टेपनी क्वार्टरबॅकचा करार वाढवू की सोडून देऊ? गुरुवारपर्यंत ठरवायचंय

एक्स्टनकर (धागाकर्ता)

मंडळी, इथे अमेरिकन फुटबॉल बघणारे मोजकेच आहेत हे माहीत आहे, तरी विचारतो. गुरुवारी, ४ सप्टेंबर २०२५ ला, ईगल्स-काउबॉइजचा पहिला सामना सुरू झाला की आमच्या लीगची मुदतवाढीची खिडकी बंद.

फिलाडेल्फियाच्या आसपासच्या आम्हा बारा जणांची फॅन्टसी लीग आहे (खऱ्या खेळाडूंचे कागदावरचे संघ, खऱ्या सामन्यांवरून गुण). पैसा नावापुरता, इज्जत मात्र पणाला. खेळाडू करारावर घ्यायचे, प्रत्येकाला २०० डॉलरची कॅप, म्हणजे खर्चाची मर्यादा (कागदावरचे डॉलर हो). आमच्यात दोन क्वार्टरबॅक (क्यूबी, म्हणजे पास फेकणारा सूत्रधार) खेळवता येतात, म्हणून क्यूबी कायम महाग. ऑक्शनला बरा स्टार्टर (पहिल्यापासून खेळणारा) २२ च्या खाली जात नाही, बेंचवरचा १-२ डॉलरला मिळतो.

माझ्याकडे जेलन हर्ट्स आहे. दुसरा जीनो स्मिथ, तो यंदा रेडर्सकडे गेलाय आणि ऑक्टोबरात ३५ चा होईल. आणि हर्ट्सची स्टेपनी म्हणून टॅनर मॅकी. ईगल्सनी २०२३ च्या ड्राफ्टात (नव्या खेळाडूंची निवड) त्याला सहाव्या फेरीत घेतलं, १८८ वा. मी आमच्या लीगच्या रुकी (नवोदितांच्या) ड्राफ्टात अगदी शेवटी उचलला. वर्षाला १ डॉलर, तीन वर्षं. हे तिसरं.

आता पर्याय असे: एक वर्ष वाढवला तर ५ डॉलर, दोन वर्षं वाढवला तर दरवर्षी ७. मध्येच काढला तर उरलेल्याच्या निम्मे माझ्या कॅपवर बसतात.

खरं सांगायचं तर जीव अडकलाय. गेल्या २९ डिसेंबरला डॅलसविरुद्ध हर्ट्स डोक्याच्या दुखापतीमुळे बाहेर, त्याच्या जागी आलेला केनी पिकेट बरगड्या धरून बाहेर, आणि हा साडेसहा फुटी मुलगा आत. चार पास, तीन पोचले, दोन टचडाउन (गोलच म्हणा). पहिला ए. जे. ब्राउनला. ब्राउननं आनंदाच्या भरात चेंडू प्रेक्षकांत भिरकावला! पोराच्या आयुष्यातला पहिला टचडाउन आणि चेंडू गेला गर्दीत. नंतर तो परत मिळवावा लागला. मी सोफ्यावर उभा राहून ओरडत होतो, हातातली वाटी सांडली, शेंगदाण्याची आमटी गालिच्यावर. डाग अजून आहे.

पुढच्या रविवारी जायंट्सविरुद्ध पहिलाच स्टार्ट: ४१ पैकी २७ पास, २६९ यार्ड, २ टचडाउन, सामना २०-१३ जिंकला. तेही बार्कलीसकट बरेच मोठे खेळाडू विश्रांतीवर असताना. या ऑगस्टच्या सराव सामन्यातही झकास खेळला. मग फेकायच्याच हाताचा अंगठा मोडला आणि ईगल्सनी घाईघाईनं सॅम हॉवेल आणला.

सगळे म्हणतात हा पुढचा स्टार्टर, कुठेतरी ट्रेड होईल. काय करू?

बेंचवरचा बाबू

सॅम हॉवेलचं नाव वाचलं आणि जुनी जखम भळभळली. २०२३ ला त्यानं वॉशिंग्टनकडून सतराच्या सतरा सामने सुरू केले, ३,९४६ यार्ड. मी यार्ड बघितले, २१ इंटरसेप्शन (समोरच्यांनी पकडलेले पास) बघूनही न बघितल्यासारखं केलं. आमच्या लीगमध्ये फेब्रुवारीत तीन वर्षांची मुदतवाढ दिली. मार्चमध्ये त्याला सिएटलला पाठवून दिला, आणि एप्रिलमध्ये वॉशिंग्टननं ड्राफ्टात नवा क्यूबी जेडन डॅनियल्स घेतला. मग मिनेसोटा, आता तुमच्या मॅकीच्या मागे रांगेत. माझ्या कॅपवर तो अजून बसलाय, भाडं न देणाऱ्या भाडेकरूसारखा.

हा तर स्टार्टर होता. तुमच्याकडच्याचा एकच स्टार्ट झालाय.

हापूस५५

फुटबॉल कळत नाही. धोनीला अनकॅप्ड म्हणून ४ कोटीत राखला, तसलंच काही का?

एक्स्टनकर

@हापूस, बरोबर उलटं. धोनीची किंमत माहीत होती, नियमानं कमी झाली. इथे किंमत माहीत नाही आणि नियमानं वाढतेय.

@बाबू, पण पॅकर्सच्या जॉर्डन लव्हचं काय? तीन वर्षं ॲरन रॉजर्सच्या मागे बसला आणि चौथ्या वर्षी ३२ टचडाउन.

लांब पल्ला

लव्हचं उदाहरण तुमच्याच विरुद्ध जातं. तो पहिल्या फेरीतला, २६ वा. मे २०२३ पर्यंत रॉजर्स जेट्सकडे गेलेला, म्हणजे खुर्चीसुद्धा रिकामी. तरी पॅकर्सनी पाचव्या वर्षाचा पर्याय (पहिला करार आणखी एक वर्ष वाढवायचा संघाचा हक्क) वापरला नाही, कारण त्यात दोन कोटींहून जास्त डॉलर पूर्ण गॅरंटीचे होते. त्याऐवजी एकच वर्ष वाढवलं, गॅरंटी १ कोटी ३५ लाख. रोज सरावात बघणाऱ्यांनी हात राखून खेळी केली, आणि चार वर्षांचे २२ कोटी दिले ते पुढच्या जुलैत, पूर्ण हंगाम बघून.

आता तुमच्या घड्याळाचं बघा. मॅकीचा खरा करार २०२६ चा हंगाम धरून आहे. पाचव्या वर्षाचा पर्याय फक्त पहिल्या फेरीतल्यांना असतो, त्याला नाही. हर्ट्सचा २५.५ कोटींचा करार २०२८ पर्यंत. म्हणजे ट्रेड झाला नाही तर मॅकी २०२६ भर बेंचवरच, आणि मोकळा होणार मार्च २०२७ ला. एक वर्षाची मुदतवाढ म्हणजे लग्नाच्या आदल्या दिवशी हॉल सोडून देणं. तो पर्याय डोक्यातून काढाच.

राहिली दोन वर्षांची. २०२६ ला ७ डॉलर, बेंचवाल्याचे दीड सोडा, साडेपाच पाण्यात. २०२७ ला तो स्टार्टर झाला तर २२ चा माल ७ ला, फायदा १५. नाही झाला तर काढताना आणखी साडेतीन. हिशेब करा, तो स्टार्टर होण्याची शक्यता निम्म्याच्या आसपास असेल तरच बरोबरी होते. सहाव्या फेरीतल्या, एक स्टार्ट झालेल्या मुलाला मी चारात एक देईन. शेवटच्या निवडीतून स्टार्टर झालेला ब्रॉक परडी म्हणाल तर तो २६२ वा होता, पण परड्या रोज निघत नाहीत.

आणि स्टेपनी म्हणताय, पण चाक वेगळ्या मापाचं आहे. गेल्या हंगामात हर्ट्सनं स्वतः धावत १४ टचडाउन केले, बरेचसे टश पुशवर (मागून ढकलून त्याला रेषेपार नेतात तो डाव). मॅकी पळणारा नाही. हर्ट्स पडला तर ईगल्सचं निभेल, तुमचे गुण नाही येणार.

बेंचवरचा बाबू

विका. आत्ता, नाव हवेत आहे तोवर.

एक्स्टनकर

१४ टचडाउनचा मुद्दा खरंच डोक्यात आला नव्हता. मी "हर्ट्सचा विमा" म्हणून धरून बसलो होतो.

एक मात्र म्हणेन, ईगल्सवाले सुटे क्यूबी विकण्यात हुशार आहेत, त्यामुळे चारात एक थोडं कंजूष वाटतं. तिनात एक धरलं तरी बरोबरी होत नाही, हेही कळतंय.

आमच्यातल्या एकाकडे ब्राउन्सचा क्यूबी फ्लॅको आहे, चाळिशीचा, आणि त्याच्या लीग-संघात त्यामागे कोणी नाही. त्याला विचारलं. मॅकीच्या बदल्यात २०२६ चा तिसऱ्या फेरीचा रुकी पिक (निवडीचा हक्क) द्यायला तयार आहे, मुदतवाढीचं ओझं त्याचं. दुसऱ्या फेरीचा मागू का?

लांब पल्ला

एकदा मागा. नाही म्हणाला तर तिसऱ्याचा घ्या. अंगठ्याची बातमी त्यानं पाहिलीय ना?

एक्स्टनकर

पाहिलीय. दुसऱ्याला नाही म्हणाला. तिसऱ्यावर झाला, आत्ताच कमिशनरनं मंजूर केला. नवा मालक दोन वर्षं वाढवतोय म्हणे.