घोट्याच्या ऑपरेशननंतर टाक्यातून पाणी येतंय, सोलापुरात कुणाला दाखवू? (बजेट ५ हजार)

विजापूरवेसकर
आई, वय ६१, शुगर आहे. पावसाळ्यात अंगणात घसरली, घोट्याची दोन्हीकडची हाडं मोडली. बाहेरून प्लेट, आतून दोन स्क्रू. चार महिने होत आले. वॉकर सुटलाय, पण संध्याकाळी पाय सुजतो आणि बाहेरच्या टाक्याच्या खालच्या टोकाला बारीक तोंड पडून चिकट पाणी येतंय. ऑपरेशनवाले डॉक्टर म्हणाले, गोळ्या घ्या, थांबेल. दुसरा सल्ला पाहिजे. सोलापुरातच, तपासण्यांसकट ५ हजारांत. पुणं जमणार नाही.

पहाटेची_हुतात्मा
पुण्याला न्या. पहाटेच्या हुतात्मा एक्सप्रेसमध्ये बसलं की ओपीडीच्या वेळेला तिथं. मेव्हण्याचे सव्वा लाख गेले, पण आता पळतोय.

विजापूरवेसकर
मालक, पुणं नको असं वरच लिहिलंय.

चादर_चाटीगल्ली
स्टील टाकलं असणार. मी टायटॅनियम घातलंय, आजवर एक थेंब नाही. पैसे वाचवायला गेलं की असंच होतं.

एमएच१३_बुलेट
टायटॅनियमला पू होत नाही हे कुणी सांगितलं बे? माझं टायटॅनियमच होतं. काढताना स्क्रूचं डोकं घासलं, फिरेचना. तासाभराचं काम, अर्धा दिवस गेला.

चादर_चाटीगल्ली
तो डॉक्टरचा दोष, धातूचा नाही.

होटगी_रोड_काकू
माझ्या प्लेटला ४ वर्षं झाली. थंडीत ठणकते, चपलेचा पट्टा नेमका तिथंच लागतो, पाऊल वरून बधिर ते बधिरच. तिथली कातडीची नस दुखावली म्हणे. सूज वर्षभर राहते, घाबरू नका. तिळाच्या तेलानं मालिश करा, आमच्याकडे एक हाडवैद्य येतात.

फिजिओ_जुळेसोलापूर
काकू, कृपा करून मालिश सांगू नका. जखमेला तोंड पडलंय आणि शुगर आहे. नुसती सूज संध्याकाळी येऊन सकाळी उतरत असेल तर ती चालते. पाणी येणं वेगळं, आत प्लेटपर्यंत जंतू गेले असू शकतात. एक्स-रे, सीबीसी, ईएसआर, सीआरपी (जंतू-सूज कळायच्या रक्ताच्या तपासण्या), तीन महिन्यांची साखर, आणि आतल्या स्रावाचं कल्चर (कोणता जंतू आहे ते बघायची तपासणी), एवढं करा. गोळ्या चालू असतील तर कल्चरमध्ये जंतू सापडत नाही कधी कधी, म्हणून आधी विचारा. मनानं बंद करू नका. हाड जुळलं असेल तर प्लेट काढून आतलं साफ करता येतं. जुळलं नसेल तर शक्यतो प्लेट ठेवून औषधांवर हाड जुळेपर्यंत ओढतात. पोटरी एकाएकी सुजून दुखली तर त्याच दिवशी डॉपलर, म्हणजे शिरेत रक्ताची गुठळी आहे का बघायची सोनोग्राफी. धाप लागली किंवा छातीत दुखलं तर थेट इमर्जन्सी. आई मिश्री लावत असतील तर ती बंद, जखम भरायला निकोटिन वाईट.

एमएच१३_बुलेट
मिश्रीचं बरोबर आहे. आमची आजी ऐकतच नाही.

पार्कचौक_७७
सिव्हिलला दाखवा, ५ हजारांतले बरेच वाचतील. रांग मात्र सकाळीच धरा. आणि सीआरपी करून घ्या.

नवीपेठ_नाना
पुण्याला न्या. सोलापुरात काय ठेवलंय?

पार्कचौक_७७
नाना, तुमचा गुडघा सोलापुरातच झालाय ना?

नवीपेठ_नाना
म्हणूनच सांगतोय.

विजापूरवेसकर
सगळ्यांचे आभार. शेवटी परत त्याच डॉक्टरांकडे गेलो. आत काय घातलंय ते त्यांनाच ठाऊक आणि आईचाही त्यांच्यावरच विश्वास. या वेळी तपासण्यांची यादी कागदावर लिहून नेली. आधी कपाळाला आठ्या घातल्या, मग सगळ्या लिहून दिल्या. हाड जुळलंय. कल्चरमध्ये जंतू निघाला, त्यावर लागू पडणारं औषध चालू केलंय. साखर खाली आली की प्लेट तेच काढणार. ५ हजार कधीच ओलांडले. मिश्रीची डबी मी लपवली होती, तिला सापडली.

पहाटेची_हुतात्मा
मग विचारलंत कशाला?

चादर_चाटीगल्ली
काढलेली प्लेट मागून घ्या. स्टीलच निघेल, बघा.

होटगी_रोड_काकू
वॉकर विकणार असाल तर सांगा, माझ्या नणंदेला हवाय. घडीचा आहे का?