मदत हवी आहे: आरके३३९९ बोर्डाच्या सिरियल कन्सोलवर नुसती कचरा अक्षरं येताहेत

नमस्कार मंडळी,

आमच्या गावच्या शाळेत वाचनालयाच्या कपाटावर एक सिंगल बोर्ड कॉम्प्युटर बसवलाय. चिप रॉकचिपची आरके३३९९, ईएमएमसीवर (बोर्डावरच्या साठवणीवर) आर्मबियन लिनक्स, त्यावर ऑफलाइन विकिपीडिया दाखवणारं किविक्स. मुलं टॅबवर इंटरनेटशिवाय मराठी विकिपीडिया वाचतात आणि मधल्या सुट्टीतसुद्धा त्यावर गर्दी असते. मागच्या आठवड्यात ऐन वापरात लाइट गेली. परत आल्यापासून बोर्ड नेटवर्कवर दिसत नाही. एसएसएच (नेटवर्कवरून लॉगिन) लागत नाही, राउटरच्या यादीत नाव नाही, एचडीएमआयचा पडदा काळा. पॉवरचा दिवा तेवढा लागतो. आत काय अडलंय ते कळायला सिरियल कन्सोल, म्हणजे वायरींवरून बोर्डाचे संदेश वाचणं, हाच मार्ग उरलाय.

यूएसबी-सिरियल अडॅप्टर सीपी२१०२ चिपचा आहे. चाळीस पिनांच्या हेडरवर ६ नंबरला ग्राउंड, ८ नंबरला अडॅप्टरचा आरएक्स (ऐकणारी पिन), १० नंबरला टीएक्स (पाठवणारी). व्हीसीसीची (वीजपुरवठ्याची) वायर मोकळी ठेवली आहे. लॅपटॉपवर उबंटू आणि सिरियल संदेश दाखवणारा मिनीकॉम प्रोग्रॅम. डीमेसेजमध्ये (कर्नलच्या नोंदींत) अडॅप्टरचा पोर्ट टीटीवाययूएसबी० नीट दिसतो, पोर्ट वापरायची परवानगी देणाऱ्या डायलआउट ग्रुपमध्ये मी आहे.

बोर्ड चालू केला की लगेच अक्षरांचा एक छोटा झोत येतो, क्षणभर थांबतो, मग मोठा झोत येतो. पण सगळे चौकोन आणि उलटी प्रश्नचिन्हं, एकही शब्द वाचता येत नाही. सेकंदाला ११५२०० बिटच्या वेगावर असं होतं, १५००००० वरही तसंच. अडॅप्टरचे टीएक्स-आरएक्स एकमेकांना जोडून लूपबॅक बघितला. दोन्ही वेगांवर टाइप केलेलं जसंच्या तसं परत येतं, म्हणजे अडॅप्टर ठीक असावा. मग बोर्डाचा यूएआरटी, म्हणजे सिरियल पोर्टचा भागच गेला का? शाळा सुरू आहे, मुलं रोज विचारतात. कृपया मार्गदर्शन करा.

प्रतिसाद

दादा, रॉकचिपच्या बोर्डांचा कन्सोल बहुतेक वेळा १५००००० वर असतो, ११५२०० विसरा. ग्राउंडची वायर बदलून बघा, स्वस्त जंपर आतून तुटलेले निघतात. वायरी वीतभरापेक्षा लांब नकोत.

प्रतिसाद

बोर्डाचा यूएआरटी गेलेला नाही. झोत, थांबा, पुन्हा झोत असं तुम्ही लिहिलंय, ती बूटचीच लय आहे. बोर्ड बोलतोय, अडॅप्टरला ते ऐकू येत नाहीये.

जुन्या सीपी२१०२ ची मर्यादा सेकंदाला १० लाख बिट. सीपी२१०२एन ही पुढची आवृत्ती ३० लाखांपर्यंत जाते, पण बाजारातल्या साध्या मोड्यूलवर बहुधा जुनीच चिप असते. तुम्ही मिनीकॉममध्ये १५००००० निवडलंत तरी ड्रायव्हर चिपला झेपेल तोच वेग लावतो. मिनीकॉम चालू असताना दुसऱ्या टर्मिनलवर एसटीटीवाय कमांडने त्या पोर्टचा वेग विचारा, तिथे १५००००० दिसणार नाही.

आता लूपबॅकचं. ही चाचणी वेगाबद्दल काहीच सांगत नाही. पाठवणारं आणि ऐकणारं घड्याळ एकाच चिपचं असतं. वेग चुकला तर दोन्हीकडे सारखाच चुकतो, म्हणून अक्षरं बिनचूक परत येतात. वायरी, ड्रायव्हर आणि परवानग्या ठीक आहेत एवढंच त्यातून कळतं. ११५२०० ला एक बिट साधारण ८.७ मायक्रोसेकंद टिकतो, १५००००० ला ०.६७. दोन्ही बाजूंच्या वेगात चार-पाच टक्क्यांचा फरक पडला की बाइटच्या शेवटचे बिट चुकीच्या जागी वाचले जातात. तुमच्याकडे फरक त्याच्या कितीतरी पट आहे.

एफटी२३२आर चिपचा अडॅप्टर घ्या. त्याचा वेग ३० लाखांना भागून निघतो, त्यामुळे १५ लाख तंतोतंत बसतो. सीएच३४० सुद्धा चालतो, त्याची मर्यादा २० लाख आहे. पण उबंटू २२.०४ वर बीआरएलटीटीवाय नावाचं ब्रेल डिस्प्लेचं पॅकेज त्याचा पोर्ट बळकावतं. ब्रेल डिस्प्ले वापरत नसाल तर ते काढून टाका.

अडॅप्टर कोणताही असो, व्होल्टेज निवडायचा जंपर (छोटी टोपी) ३.३ व्होल्टवरच हवा. ५ व्होल्ट दिलेत तर मात्र यूएआरटी खरंच जाईल.

मूळ प्रश्नकर्ता

खूप खूप आभार. एसटीटीवाय खरंच दुसराच आकडा दाखवत होता. पुण्याला भाऊ असतो, त्याने बुधवार पेठेतून एफटी२३२ चा अडॅप्टर पाठवला. त्याची पिवळी टोपी ५ व्होल्टवर होती. ती काढून ३.३ वर बसवली, मल्टिमीटरने टीएक्स मोजला, मगच जोडला.

पहिल्याच ओळीत डीडीआर (रॅम सुरू करणाऱ्या कोडची) आवृत्ती स्वच्छ दिसली! मग बूटचे पुढचे टप्पे, बीएल३१, यू-बूट, कर्नल, सगळं सरसर गेलं आणि शेवटी इनिटरॅमएफएसच्या (बूटमधल्या तात्पुरत्या सिस्टिमच्या) प्रॉम्प्टवर थांबलं. वर संदेश आहे की रूट पार्टिशनच्या फाइल सिस्टिममध्ये विसंगती आहे, एफएससीके (फाइल सिस्टिम तपासून दुरुस्त करणारी कमांड) हाताने चालवा. म्हणजे बोर्ड धडधाकट आहे! पण प्रॉम्प्टवर काही टाइप होत नाही. टीएक्सची वायर बदलून बघितली, तरी तेच.

प्रतिसाद

मिनीकॉममध्ये हार्डवेअर फ्लो कंट्रोल मुळातच चालू असतो. तुमच्या तीनच वायरी आहेत, सीटीएसवर ('पाठव' असा होकार देणाऱ्या पिनवर) कोणी नाही, म्हणून मिनीकॉम समोरून होकार यायची वाट बघत अक्षरं धरून ठेवतो. कंट्रोल-ए, मग ओ दाबा, सिरियल पोर्ट सेटअपमध्ये जा आणि एफ दाबून तो 'नो' करा. डीफॉल्ट म्हणून सेव्ह करा, म्हणजे पुढच्या वेळी हे निघणार नाही.

एफएससीकेला -वाय लावलं की तो प्रत्येक दुरुस्तीला स्वतःच हो म्हणतो. किविक्सच्या झिम फाइल (विकिपीडियाची साठवलेली प्रत) पुन्हा उतरवता येतात, तेव्हा तुम्ही बिनधास्त चालवा. मुलांचं लिखाण वगैरे त्यावर असेल, तर आधी ईएमएमसीची प्रत काढा.

मूळ प्रश्नकर्ता

झालं! एफ दाबल्याबरोबर टाइप होऊ लागलं. मुलांचं काही साठवलेलं नव्हतं, म्हणून संदेशात जे पार्टिशन होतं त्यावरच एफएससीके -वाय चालवला, मग एक्झिट. बोर्ड लॉगिनपर्यंत आला, किविक्स सुरू झालं, झिम फाइलही उघडतेय. बोर्डासाठी छोटा यूपीएस घ्यायचं मुख्याध्यापिका बाईंनी मान्य केलंय.

शेवटचं एक विचारतो. कर्नलचा कन्सोल ११५२०० वर आणून ठेवू का? शाळेत सीपी२१०२ च राहणार आहे.

प्रतिसाद

नको. रॅम जागी करणारा पहिला तुकडा आणि यू-बूट १५ लाखांवरच बोलत राहतील, कर्नल ११५२०० वर. उद्या बूट सुरुवातीलाच अडला, तर शाळेतल्या अडॅप्टरवर पुन्हा कचराच दिसेल. एफटी२३२ शाळेत ठेवा, बोर्डाच्या डब्यातच, आणि झाकणावर मार्करने '१५०००००, ३.३ व्होल्ट, फ्लो कंट्रोल बंद' लिहून ठेवा.