चर्चा : वरातीच्या घोडीला नाल ठोकायचेच का?

शिंगरू (दारव्हा)
मंडळी, माझ्याकडे दोन घोड्या आहेत. तुळशीचं लग्न लागलं की वरातींची कामं सुरू होतात. मागच्या फाल्गुनात मोठीला बाजारातल्या एका माणसाकडून नाल ठोकून घेतले. तिसऱ्या दिवशी ती पुढचा डावा पाय टेकवेना. खुराला हात लावला तर चटका बसावा इतका गरम. डॉक्टरांनी पकडीनं एकेक खिळा दाबून पाहिला. तिसऱ्या खिळ्याला तिनं पाय हिसकला. तो उपसला तसा काळा, घाण वासाचा पू वाहिला. धनुर्वाताचं इंजेक्शन, कोमट पाण्यात पाय, आणि सव्वा महिना घोडी खुंट्याला. सहा वराती बुडाल्या, त्याचं एक सोडा. तिचं ते रात्रभर तीन पायांवर उभं राहणं अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

म्हणून माझं मत: गावाकडे खूर फक्त तासावेत, नाल ठोकूच नयेत. खूर महिन्याला 6 ते 10 मिलिमीटर वाढतो. झिजतं तेवढं पुन्हा येतं. काळ्या मातीत आणि मुरमाच्या वाटेवर लोखंड हवंच कशाला?

भाता-ऐरण (अचलपूर)
भाऊ, घोडीचं वाचून जीव हळहळला. पन दोष नालाचा नाई, ठोकणाऱ्याचा हाय. माहा आजा, माहा बाप नालबंद, आता म्या करतो. खिळ्याच्या टोकाले एका बाजूनं उतार असते. तो उतार आतल्या अंगानं धरला तं खिळा भायेर वळते अन् खुराच्या भिंतीतून निंगते. उलटा धरला तं सरका जित्या मासात. बाप म्हने, हातोडीचा आवाज आयक. कडक खुरात खिळा खणखण वाजते, मऊ लागलं का आवाज बोदा होते. बोदा झाला का थांब, उपस. तुमच्या घोडीवर हातोडी चालवणाऱ्यानं कान बंद ठेवले होते.

अन् मुरमाच्या वाटेचं म्हनता, पन वरात कुठून जाते? गावोगाव शिमेटचे रोड झाले. डफड्याच्या तालावर घोडी चार घंटे त्याच्यावर नाचते. खूर वाढते कमी, झिजते जास्त. मंग तळवा सोलते. ते दुखनं तुमाले दिसत नाई, खिळ्याचं दिसते.

पांढरी-रेघ (वर्धा)
मी जनावरांच्या दवाखान्यात काम करते. शिंगरूदादा, तुमचा राग समजते, पण नाल की बिननाल हा नंतरचा प्रश्न. आधी हे सांगा, खूर किती दिवसांनी तासता? 6 ते 8 आठवड्यांनी हात लागलाच पाहिजे. नाल ठोकला की झीज थांबते, वाढ नाही. आपले लोक नाल पातळ होऊन आपोआप गळेपर्यंत चार-चार महिने ठेवतात. तोवर खुराचं टोक पुढे पसरतं, टाच खाली बसते आणि पायाच्या मागच्या शिरा ताणल्या जातात. लंगडण्याची कितीतरी प्रकरणं इथून सुरू होतात, आणि खापर मात्र दगडावर फुटतं.

तळव्याला भिंत जिथं जुळते तिथं पांढरट रेघ असते. खिळा तिच्या बाहेरच हवा. हे ज्याला दाखवता येत नाही त्याच्या हाती पाय देऊ नये. नालबंदांना परवाना असावा यासाठी केंद्राचे 1965 चे नियम आहेत. आपल्या बाजारात कुणी कुणाला परवाना विचारलेला मी तरी पाहिला नाही. याचा आग्रह आपणच धरला पाहिजे.

पटावरचा (भंडारा)
ताई, परवान्याचा आग्रह पटत नाही. डिसेंबर 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बंद पडलेल्या बैलांच्या शर्यतींना परवानगी दिली, शंकरपट म्हणजे आपल्याकडच्या बैलजोड्यांच्या शर्यती पुन्हा भरू लागले. पण बैलांना पत्र्या, म्हणजे बैलांचे नाल, मारणारे जुने हात तोवर दुसऱ्या कामाला लागले होते. घोड्याचं उभ्यानं होतं, बैल पाडावा लागते, पाय बांधावे लागतात, खूर दुभंगलेला म्हणून चार पायांना आठ पत्र्या. उरलेसुरले म्हातारे आता कागद घेऊन कोणत्या कचेरीत जाणार? आधी पोरं शिकवा.

पांढरी-रेघ
शिकवणं आधी, हे मान्य. पण शिकलेला कोण आणि अंदाजानं ठोकणारा कोण, हे गिऱ्हाइकानं ओळखायचं कसं?

भाता-ऐरण
ताई, त्याले सोपी खूण हाय. नालाच्या मापात खूर कापते तो नालबंद नव्हे. खुराच्या मापात नाल वाकवते तो नालबंद. अन् शिंगरूभाऊ, अंगाचा जास्त भार पुढच्या पायांवर असते. चारही नको असन तं पुढचे दोनच ठोका. सीजन सरला का काढून टाका, पाय मोकळे राहू द्या.

शिंगरू
दादा, खिळ्याच्या उताराचं मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. तरी धाकटीच्या बाबतीत माझं मत बदलणार नाही. ती शेतातच असते, तिला अनवाणीच ठेवणार. पावसाळ्यात तिच्या तळव्यातल्या खाचा रोज कोरून, कोरड्या जागी बांधतो, एकदाही कुजल्या नाहीत.

मोठीचं मात्र तुम्ही म्हणता तसं करून पाहतो. फक्त पुढचे दोन, आणि मी स्वतः पाय धरून बसणार. खिळा वाकडा गेला असं तिच्या कानावरून दिसलं की हातोडी थांबवायची, ही माझी अट. जमत असेल तर येत्या शनिवारी दारव्ह्याला या. परतीच्या गाडीपर्यंत मी सोडतो.